गेनची उतरंड : डिजिटल ध्वनियंत्रणा आणि ख्यालमैफलीचा आवाज

प्रस्तावना

हिंदुस्थानी संगीताच्या मराठी समीक्षेने आवाज या घटकाचा कसून विचार केलेला आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात घराण्याची घडण आणि मूळ गायकाच्या आवाजाची जात यांचा संबंध दाखवून दिला. डॉ. अशोक दा. रानडे यांनी आवाजाची साधना हा स्वतंत्र अभ्यासविषय मानून त्याची चिकित्सा केली. गळा, श्वास, आवाजाचा लगाव, तिन्ही सप्तकांतील फिरत या सर्वांसाठी या समीक्षेजवळ नेमकी परिभाषा आहे. परंतु गळ्यातून निघालेला आवाज श्रोत्याच्या कानापर्यंत ज्या मार्गाने पोहोचतो, त्या मार्गासाठी मात्र तिच्याजवळ शब्द नाहीत. वृत्तपत्रीय परीक्षणात तबला, संवादिनी आणि तानपुऱ्याची साथ करणाऱ्यांच्या नावांनंतर शेवटच्या ओळीत ध्वनिव्यवस्थेचा उल्लेख येतो. माईकने शिट्टी मारली किंवा आवाज फाटला, तर ‘ध्वनिव्यवस्थेने रसभंग केला’ असे एक वाक्य वाढते. यापलीकडे विवेचन जात नाही.

या उपेक्षेमागे एक गृहीतक आहे. यंत्र हे केवळ वाहक असून ते एक तर नीट चालते, नाही तर बिघडते, असे हे गृहीतक होय. वस्तुतः यंत्र पूर्णपणे नीट चालत असतानाही ते गाण्याचा अर्थ बदलू शकते. ख्यालगायनात हळू आणि मोठा आवाज यांतील अंतर हे अलंकरण नसून रचनेचा भाग असते. हे अंतर किती शिल्लक राहील, हे ध्वनियंत्रणेत प्रत्येक टप्प्यावर केलेल्या वर्धनाच्या मांडणीवर, म्हणजे ‘गेन स्ट्रक्चर’वर, अवलंबून असते. डिजिटल यंत्रांमुळे ही चिंता संपली, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात चिंतेची जागा तेवढी बदलली आहे. या बदललेल्या जागेची चिकित्सा येथे केली असून ती नाशिकच्या संदर्भात केली आहे.

नाशिक आणि दोन पिढ्यांचे आवाज

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या उत्तरायुष्याचा नाशिकशी निकटचा संबंध आहे. १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या या गायकाने उत्तरकाळात नाशिक येथे रामनाम आधाराश्रम उभा केला. संगीत दरबारातून आणि खासगी बैठकीतून बाहेर काढून तिकिटाच्या जाहीर जलशात आणि काँग्रेसच्या अधिवेशनांत नेण्याचे त्यांचे कार्य सर्वज्ञात आहे. त्या कार्याची एक भौतिक बाजू क्वचितच लक्षात घेतली जाते. ध्वनिवर्धक सार्वत्रिक होण्यापूर्वीचा तो काळ होता. जाहीर जलसा म्हणजे मोठा जनसमुदाय, आणि मोठा जनसमुदाय म्हणजे त्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा गळा, असे ते समीकरण होते. आवाजाचे वर्धन गायकाच्या छातीत आणि टाळूतच व्हावे लागे.

त्यांचे पुत्र पं. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिक येथे झाला. वडिलांच्या निधनसमयी ते अवघे दहा वर्षांचे होते. पुढे पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास यांच्याकडे त्यांची तालीम झाली. १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची कारकीर्द मायक्रोफोनच्या सान्निध्यात बहरली. आकाशवाणी, ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि ‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटातील उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेतचे गायन यांतून त्यांचा आवाज देशभर पोहोचला. स्वच्छ, नितळ, जोर न लावता तारसप्तकात सहज जाणारा हा आवाज होता. ‘बैजू बावरा’तील जुगलबंदीत अमीर खाँ यांचा भारदस्त, खोल आवाज आणि पलुस्करांचा हलका, टोकदार आवाज हे दोन्ही तुल्यबळ वाटतात. ही तुल्यबळता दोघांच्या गायकीची आहे यात शंका नाही. परंतु मायक्रोफोनच्या सोयीवाचून ती पडद्यावर तशीच उतरली असती, असे म्हणणे धाडसाचे होईल.

एकाच घरातील या दोन पिढ्यांमध्ये आवाज आणि अवकाश यांचे नाते पालटले. पित्याच्या काळात श्रोत्यांची संख्या गळ्याच्या ताकदीवर बेतलेली होती. पुत्राच्या काळात गळ्याला कुजबुजीइतके हळू होण्याची मुभा मिळाली, कारण ती कुजबुज मोठी करण्याची जबाबदारी आता दुसऱ्या कोणाची तरी होती. हा ‘दुसरा कोणी तरी’ संगीतसमीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला. आज महाकवी कालिदास कलामंदिर असो, परशुराम सायखेडकर नाट्यगृह असो वा पिंपळपारावरील पाडवा पहाट असो, मिक्सरमागे बसलेल्या त्या व्यक्तीच्या पहिल्या पाच मिनिटांतील निर्णयावर पुढील तीन तासांचे गाणे उभे राहते.

उतरंडीची संकल्पना

‘गेन स्ट्रक्चर’ या संज्ञेला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. ‘वर्धनरचना’ असा शब्द घडविता येईल. पण ‘उतरंड’ हा घरगुती शब्द अधिक अर्थवाही आहे. मडक्यांच्या उतरंडीत प्रत्येक मडके खालच्याच्या तोंडावर बसते. तळाचे मडके कललेले असेल, तर वरचे कितीही सरळ ठेवले तरी उपयोग होत नाही. ध्वनियंत्रणेत मायक्रोफोनलगतचे पूर्ववर्धन, अनुरूप संकेताचे अंकांत रूपांतर, मिक्सरमधील चॅनेल, मास्टर, पुन्हा अंकांचे विद्युत्संकेतात रूपांतर, पॉवर ॲम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर अशी मडकी एकावर एक असतात. प्रत्येकाला दोन मर्यादा असतात. खाली त्या यंत्राची स्वतःची खरखर आणि वर आवाज फाटण्याची सीमा. या दोन मर्यादांच्या मधून गाणे न्यावयाचे असते.

तळाच्या मडक्यावर पडणारा भार मोठा असतो. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनसमोर मोकळेपणाने गायल्यास त्यातून दोनेक मिलिव्होल्ट इतकाच संकेत निघतो. व्यावसायिक यंत्रांची मान्य कार्यपातळी १.२३ व्होल्ट आहे. म्हणजे पहिल्याच टप्प्यावर संकेत सुमारे सहाशेपट, डेसिबलच्या भाषेत ५६ डेसिबलने, वाढवावा लागतो. पुढील टप्प्यांवर केलेला फेरफार याच्या तुलनेत कमी असतो. येथे चूक झाली तर पुढे ती दुरुस्त होत नाही. पूर्ववर्धन कमी ठेवून पुढे फेडर वर ढकलला, तर गाण्यासोबत खरखरही तितकीच वाढते. पूर्ववर्धन जास्त ठेवून पुढे फेडर खाली ओढला, तर फाटलेला आवाज हळू ऐकू येतो, पण फाटलेलाच राहतो.

डेसिबल या शब्दाने होणारा एक घोटाळा येथेच दूर करणे इष्ट होय. गणेशोत्सवातील मिरवणुकांच्या बातम्यांत येणारे डेसिबल हवेतील ध्वनिदाबाचे असतात. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी जी मर्यादा घातली आहे, ती या मापाची. डिजिटल मिक्सरच्या पडद्यावरील डेसिबल मात्र शून्यापासून खाली मोजले जातात. तेथे शून्य म्हणजे शांतता नव्हे, तर अंकांची कमाल मर्यादा होय. त्या शून्याच्या वर लिहिण्यासाठी अंकच उरत नाहीत. ही दोन मापे परस्परांशी थेट जोडलेली नाहीत. पडद्यावर उणे २० दिसत असताना सभागृहात कानठळ्या बसू शकतात आणि पडद्यावर लाल दिवा लागत असताना मागच्या रांगेला काहीच ऐकू न येण्याचाही संभव असतो.

अनुरूप काळाची सवय

फितीवर ध्वनिमुद्रण होत असे, त्या काळात काटा शून्याच्या आसपास ठेवणे हा शहाणपणा होता. फितीची स्वतःची खरखर मोठी असे. त्यामुळे संकेत जितका वर, तितके गाणे खरखरीपासून दूर. शिवाय फीत मर्यादा ओलांडताना एकदम तुटत नाही. ती हळूहळू भरत जाते आणि थोडी विकृती कानाला गोडही वाटते. डिजिटल यंत्रांच्या पहिल्या पिढीतही ही सवय काही अंशी समर्थनीय होती. सोळा बिटांची सैद्धांतिक ध्वनिश्रेणी सुमारे ९६ डेसिबल असते आणि प्रत्यक्षातील रूपांतरके तिच्याही अलीकडे थांबत. सगळे बिट वापरून घ्यावेत, हा सल्ला तेव्हाचा आहे.

चोवीस बिटांच्या यंत्रांनी या सल्ल्याचा आधार काढून घेतला. सैद्धांतिक श्रेणी १४४ डेसिबल झाली. चांगल्या रूपांतरकात प्रत्यक्षात ११० ते १२० डेसिबल मिळतात. याचा मैफलीतील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गायकाच्या मायक्रोफोनपाशी आवाजाची सरासरी ८० डेसिबल आहे आणि पंखे, वातानुकूलन व श्रोत्यांची हालचाल मिळून सभागृहाचा गुणगुणाट ४० डेसिबल आहे, असे समजू. पडद्यावर सरासरी उणे २० ठेवल्यास सभागृहाचा गुणगुणाट उणे ६० वर येईल. रूपांतरकाची स्वतःची खरखर उणे ११५ च्या आसपास असेल. म्हणजे यंत्राची खरखर पंख्याच्या आवाजाखाली ५५ डेसिबल गाडली गेलेली आहे. ती कोणालाही ऐकू येणे शक्य नाही. अशा स्थितीत सरासरी उणे २० वरून उणे ६ वर ढकलून काय मिळते? खरखरीच्या बाबतीत काहीही मिळत नाही. गमावले मात्र जाते ते वरचे चौदा डेसिबल, आणि ख्यालगायनात तारषड्जाची पुकार नेमकी याच जागेत राहते.

युरोपातील प्रसारण संस्थांनी कार्यपातळी उणे १८ वर आणि अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने उणे २० वर निश्चित केली, ती याच हिशेबाने. वरची अठरा-वीस डेसिबलची रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. घराला जसे अंगण, तशी ती यंत्रणेला असते. इंग्रजीत हेडरूम म्हटल्या जाणाऱ्या या जागेचा अर्थ ‘न वापरलेली क्षमता’ असा लावला जातो, हे सध्याच्या प्रथेतील सर्वांत महाग पडणारे गैरसमजाचे उदाहरण म्हणता येईल.

यात मापनयंत्राचाही वाटा आहे. जुन्या काट्याचे मीटर सुमारे ३०० मिलिसेकंदांच्या संथ गतीने हलत असे. तबल्याच्या थापेचे शिखर त्याला दिसतच नसे. ते फक्त सरासरी सांगे. डिजिटल मीटर शिखर दाखवते. काट्यावर घडलेली नजर डिजिटल मीटरकडे वळते, तेव्हा ती सरासरीच्या अपेक्षेने शिखराकडे पाहते किंवा शिखराला घाबरून सरासरी फारच खाली नेते. गायन आणि तबला ही दोन चॅनेल एकाच उंचीवर दिसावीत, असा आग्रहही या गोंधळातूनच येतो. पडद्यावर दोन्ही पट्ट्या समान दिसत असतील, तर कानाला तबला मागे गेलेला ऐकू येईल. कारण त्याची शिखरे सरासरीपेक्षा फार वर असतात आणि गायनाची तितकी नसतात.

ध्वनिचाचणी आणि ख्यालाचा विस्तार

मैफलीपूर्वीच्या ध्वनिचाचणीत गायक ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो, षड्ज लावतो, मंद्रात एक-दोन आलाप घेतो आणि ‘ठीक आहे’ म्हणून उठतो. पट्टीचा गायक चाचणीत गळा खर्च करीत नाही, हे स्वाभाविकच आहे. या अर्ध्या आवाजावर पूर्ववर्धन ठरविले जाते आणि ते पडद्यावर ठळक दिसावे म्हणून उणे ६ पर्यंत नेले जाते. दीड तासानंतर द्रुत ख्यालात त्याच गळ्यातून आलापापेक्षा पंधरा डेसिबल मोठी तान निघते. उणे ६ मध्ये पंधरा मिळविल्यास अधिक ९ होतात आणि शून्याच्या वर तर अंक नाहीत. तानेचा कळस सपाट होतो. श्रोत्याला वाटते, गायकाचा आवाज वर चिरका झाला. परीक्षणात ते तसेच लिहिलेही जाते. यंत्राचा दोष गळ्याच्या नावावर नोंदविला जातो, आणि समीक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट केवळ तांत्रिक राहत नाही.

याउलट आलापाची पातळी उणे २२ च्या आसपास ठेवली, तर तीच तान उणे ७ वर जाईल आणि तिच्याही वर जागा उरेल. यासाठी लागते ती एवढीच विनंती, की चाचणीत गायकाने तारसप्तकातील एक वाक्य पूर्ण आवाजात म्हणावे.

कार्यक्रम सुरू असताना पूर्ववर्धनाला हात लावणे हा वेगळा प्रमाद आहे. डिजिटल मिक्सरमध्ये रंगमंचावरील मॉनिटर आणि सभागृहातील स्पीकर एकाच पूर्ववर्धकावर उभे असतात. सभागृहासाठी गेन चार डेसिबलने वाढविला, की गायकाच्या समोरचा मॉनिटरही चार डेसिबलने वाढतो. ख्यालगायक स्वतःचा आवाज ऐकत, त्याच्याशी जुळवून घेत गातो. मॉनिटर अचानक मोठा झाला, तर तो नकळत गळा आवरतो. लहान झाला, तर ओढतो. मिक्सरवरील एका बोटाने अशा रीतीने गायकीत हस्तक्षेप केलेला असतो. रूपांतरानंतरचा डिजिटल ट्रिम हा पर्याय या अडचणीसाठीच दिलेला असतो. पूर्ववर्धन वाढवताना तोच फरक ट्रिममधून वजा केल्यास मॉनिटर जागच्या जागी राहतो.

शिट्टीबाबत एक भाबडी समजूत आहे. गेन कमी करून फेडर वाढविल्यास शिट्टी येत नाही, अशी ती समजूत होय. मायक्रोफोनपासून स्पीकरपर्यंतचे एकूण वर्धन जितके तितकेच राहिले, तर ते कोणत्या मडक्यात ठेवले याने शिट्टीला फरक पडत नाही. फरक पडतो तो मायक्रोफोन ओठांच्या किती जवळ आहे आणि किती मायक्रोफोन उघडे आहेत यांमुळे. उघड्या मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपूर्वी मिळणारे वर्धन ३ डेसिबलने घटते. दोन तानपुरे, संवादिनी, तबल्यापुढे दोन, गायकापुढे एक आणि निवेदनाचा उघडाच राहिलेला एक, अशी मोजणी केल्यास निवेदकाचा मायक्रोफोन बंद करणे ही मैफलीची मोठी सेवा ठरते.

उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ॲम्प्लिफायरपाशी, असा एक दोष दडलेला असतो की तो पडद्यावर दिसत नाही. अनेक डिजिटल मिक्सरांत अंकांच्या शून्याला अधिक २४ डीबीयू इतका संकेत बाहेर पडतो. ॲम्प्लिफायरची संवेदनक्षमता ०.७७५ व्होल्ट, म्हणजे शून्य डीबीयू असेल, तर मिक्सर उणे २४ वर असतानाच ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीला पोहोचतो. त्यापुढील प्रत्येक डेसिबल आवाज फाडतो. मिक्सरवर मात्र सारे दिवे हिरवे असतात. ‘मिक्सर चांगला आहे, मग आवाज का फाटतो?’ हा प्रश्न येथे जन्म घेतो आणि बहुधा नवीन स्पीकरच्या खरेदीने मिटविला जातो. वास्तविक ॲम्प्लिफायरवरील बटण हे आवाज मोठा करण्याचे बटण नव्हे. ते आत येणाऱ्या संकेताला वाट किती द्यायची, हे ठरविते. ते इतके आवळावे की मिक्सर आणि ॲम्प्लिफायर दोघांची कमाल मर्यादा साधारण एकाच वेळी यावी. महाविद्यालयीन सभागृहात हे बटण कायम पूर्ण उघडे असते आणि मास्टर फेडर तळाशी रेंगाळत असतो. फेडर शून्याच्या खुणेजवळ असताना बोटभर हालचालीत काही डेसिबलचाच फरक पडतो. तळाशी मात्र केसभर हालचालीने पाच-दहा डेसिबल उडतात. अशा वेळी सूक्ष्म समायोजन शक्यच नसते.

उघड्यावरील मैफल याला अपवाद नाही, पण तिचे गणित वेगळे आहे. पिंपळपारावर पहाटे गाणे सुरू होते तेव्हा भोवतालचा कोलाहल अत्यल्प असतो. उजाडल्यावर रस्ता जागा होतो आणि तळाचा कोलाहल वर चढू लागतो. पहाटेच्या भैरवात सुंदर भासणारा हळुवार मंद्र सकाळी त्याच पातळीवर हरवतो. येथे गेन नव्हे, मास्टर हलवावयाचा असतो, आणि तोही श्रोत्याच्या लक्षात न येईल इतक्या संथपणे. या कामात कुशल असलेल्या ध्वनिसंयोजकाचे नाव परीक्षणात आले, तर ते अस्थानी ठरू नये.

आपोआप वर्धन आणि तानपुरा

२०२० व २०२१ मध्ये संगीताचे अध्यापन पडद्यावर गेले. तेव्हा मोबाइल आणि सभा-प्रणाली यांतील स्वयंचलित वर्धन-नियंत्रणाचा परिणाम सर्वांनी अनुभवला. ही व्यवस्था बोलण्यासाठी घडविलेली आहे. आवाज हळू झाला की ती गेन वाढविते, मोठा झाला की कमी करते. ख्यालात गायक दोन आलापांमध्ये थांबतो. त्या क्षणी यंत्र तानपुरा उचलून पुढे आणते. गायक पुन्हा सुरू झाला की तानपुरा खाली दबतो. आधाराचा अखंड स्वर अशा रीतीने हेलकावे खाऊ लागतो. गोंगाट-निवारणाची व्यवस्था याही पुढे जाते. सतत, न बदलणारा ध्वनी म्हणजे पंखा किंवा यंत्राची घरघर, असे तिचे अनुमान असते. तानपुरा हा त्या व्याख्येत तंतोतंत बसतो आणि तो पुसला जातो. शिष्य षड्जाविना गात राहतो.

संगीतशास्त्राच्या दृष्टीने यात एक बोधप्रद विरोध आहे. ज्या ध्वनीला यंत्र गोंगाट मानते, तोच भारतीय संगीताचा पाया आहे. यंत्र वाईट नाही. त्याच्यात पेरलेली संगीताची व्याख्या परकी आहे. अनेक प्रणालींत मूळ ध्वनी जसाच्या तसा पाठविण्याचा पर्याय असतो. तो शोधून चालू करणे हे संगीत विभागाचे काम आहे, तंत्रसाहाय्यकाचे नव्हे. कारण काय गमावले जात आहे, हे विभागालाच ठाऊक असते.

तबकडीतून अंकांत

आता पुन्हा द. वि. पलुस्करांकडे वळावयास हवे. त्यांच्या गौड सारंग आणि श्री या रागांची ध्वनिमुद्रणे आज रसिकांच्या मोबाइलमध्ये आहेत. मूळ माध्यम लाखेची तबकडी असो वा आकाशवाणीची फीत, आजच्या श्रोत्यापर्यंत ते अंकांत रूपांतरित होऊनच पोहोचते. गायक हयात नाही. नवीन ध्वनिमुद्रण होणार नाही. म्हणून रूपांतर करणाऱ्याने ठेवलेली पातळी ही त्या आवाजाच्या भवितव्याची पातळी ठरते.

तबकडीवर चरे असतात. सुई चऱ्यावरून जाताना जी टकटक होते, तिचे शिखर गाण्यापेक्षा उंच असते. संगणकावरील ‘नॉर्मलाइज’ ही सोय फाइलमधील सर्वांत उंच शिखर शोधून सारे ध्वनिमुद्रण त्या प्रमाणात वाढविते. परिणामी गाण्याची पातळी पलुस्करांच्या स्वरावर न ठरता तबकडीवरील चऱ्यावर ठरते. एकाच संग्रहातील दोन ध्वनिमुद्रणांपैकी एक हळू आणि एक मोठे ऐकू येते, याचे हे एक साधे कारण होय. ते टाळण्यासाठी दुसरा मार्ग पत्करला जातो. कॉम्प्रेसरने शिखरे दाबून उरलेले सर्व वर उचलले जाते. आता आलाप आणि तान जवळजवळ सारख्या मोठ्या झाल्या. पलुस्करांनी समेवर येताना आवाज ज्या हळुवारपणे ठेवला, ती ठेवण नाहीशी झाली. तिसरा उपाय खरखर पुसण्याचा. तानपुऱ्याच्या जवारीतील उंच स्वरांश आणि तबकडीची खरखर एकाच पट्ट्यात राहतात. एक पुसताना दुसरी अबाधित राहत नाही.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेने (दुसरी आवृत्ती, २००९) किमान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट, आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झ, असे प्रमाण सांगितले असून मूळ रूपांतरात कोणताही बदल न करण्याचा दंडक घातला आहे. स्वच्छ केलेली प्रत हवी असल्यास ती वेगळी करावी. महाविद्यालयांच्या कपाटांत व्याख्यानमालांच्या, स्नेहसंमेलनांच्या आणि स्थानिक गायकांच्या कॅसेट पडून आहेत. त्यांच्या रूपांतरात हा दंडक पाळणे अवघड नाही. कॅसेट आधी पूर्ण ऐकावी, सर्वांत मोठी जागा हेरावी, ती उणे ८ ते १० वर येईल असा गेन ठेवावा आणि मग अखेरपर्यंत त्याला हात लावू नये. वक्ता मध्येच हळू बोलला म्हणून गेन वाढविल्यास तो हळू बोलला होता, ही माहितीच नष्ट होते.

श्रवण-मंचांवर आता सर्व गाणी एका ठरावीक सरासरी प्रबलतेवर आणली जातात. प्रसारणासाठी युरोपात २०१० पासून उणे २३ हे प्रमाण आहे. संगीताच्या मंचांवर ते उणे १४ च्या आसपास असते. या व्यवस्थेत दाबून मोठे केलेले ध्वनिमुद्रण पुन्हा खाली आणले जाते. म्हणजे ज्या मोठेपणासाठी आलाप आणि तान यांतील अंतर बळी दिले, तो मोठेपणाही हाती लागत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला दिसत नाही.

अलीकडे ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट पद्धतीची ध्वनिमुद्रण यंत्रे आली आहेत. त्यांत हळू आणि मोठ्या संकेतांसाठी दोन रूपांतरके एकत्र चालतात आणि गेन ठरविण्याची गरजच नाही, अशी जाहिरात केली जाते. ती अर्धी खरी आहे. मायक्रोफोनचा पडदा आणि त्यामागील विद्युत्मंडल फाटले, तर फ्लोटिंग पॉइंट ते जोडू शकत नाही. आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी टाळलेला निर्णय ऐकविण्याच्या वेळी घ्यावाच लागतो, कारण स्पीकरला कोणती तरी एक पातळी द्यावी लागते. ती पातळी कोणी, कोणत्या यंत्रावर आणि कशाच्या आधारे ठरविली, हे फाइलसोबतच्या नोंदीत लिहिण्याची सोय प्रत्येक संग्रह-प्रणालीत आहे. ध्वनिमुद्रणाचे वर्ष, राग आणि कलाकाराचे नाव भरले जाते. पातळीची जागा कोरी सोडली जाते.